लोणारचे कोडे

विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात लोणार नावाचे गाव आहे. गावाच्या कडेला जमीन एकाएकी तुटते आणि समोर एक प्रचंड वर्तुळाकार विवर दिसू लागते. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावर धार नावाचा गोड्या पाण्याचा झरा वाहतो. तळाशी पसरलेल्या सरोवराचे पाणी मात्र खारट! येथे लवणासुर नावाचा दैत्य राहत असे व विष्णूने त्याचा वध केला, अशी कथा लोक सांगतात. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर त्या कथेची साक्ष देत उभे आहे.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढे ते कसे निर्माण झाले याविषयी विद्वानांत वाद सुरू झाला. दख्खनचे पठार लाव्हा थिजून झालेल्या काळ्या बेसाल्ट खडकाचे आहे. तेव्हा हे विवर म्हणजे ज्वालामुखीचेच मुख असावे, असे अनेकांना वाटे. हा तर्क पुढे चुकीचा ठरला; पण तो वेडगळ खचित नव्हता. आकाशातून कोसळलेल्या अशनीने हा खड्डा पाडला, असे म्हणणारेही काही होते. परंतु अशनी दाखवा म्हटले, तर दाखवणार काय? एवढ्या वेगाने आदळणारा पाषाण स्वतःच वितळून व चूर होऊन जातो. पुरावा शोधायचा तो आघात सोसलेल्या खडकात. आणि तो खडक तर सरोवराच्या गाळाखाली गाडलेला.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना ही भूमी ठाऊक होती. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेड्रिक्सन यांचा अशनींचा अभ्यास दांडगा होता. शिवाय १९६९ साली अपोलो यानातून चंद्रावरचे दगड पृथ्वीवर आले होते. चंद्रावरील काळसर मैदानेही बेसाल्टचीच आहेत! त्यामुळे चंद्राचे कोडे सोडवू पाहणाऱ्यांना लोणारची ओढ लागली, यात नवल ते काय?

विवराच्या तळातून खोल भोके पाडून खडकाचे नमुने काढण्यात आले. काठावर चर खणण्यात आले. तळाखालच्या नमुन्यांत मास्केलिनाइट सापडले आणि वादाचा निकाल लागला. बेसाल्टमध्ये एक स्फटिकरूप खनिज असते. त्याला जबरदस्त धक्का बसला, की त्याची आतली रचना मोडते. बाहेरचा आकार तसाच राहतो, पण स्फटिकाची काच होते. असा धक्का देणे कोणत्याही ज्वालामुखीला साधत नाही. काठावरच्या चरांतून वितळलेल्या खडकाचे काचेचे बारीक गोल मणी निघाले. अगदी तसेच मणी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांत होते.

मास्केलिनाइट या नावामागेही एक गंमत आहे. १८६५ साली बिहारमधील शेरघाटी येथे एक अशनी पडला. त्यातील हे द्रव्य व्हिएन्नाच्या चेर्माक यांनी १८७२ साली ओळखले आणि त्याला एका इंग्रज खनिजशास्त्रज्ञाचे नाव दिले.

१९७३ च्या मे महिन्यात ‘सायन्स’ या अमेरिकन साप्ताहिकात लोणारवरील लेख प्रसिद्ध झाला. त्यावर चार नावे होती: फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम्. दोन अमेरिकेतील संस्थांचे, दोन भारतीय सर्वेक्षणाचे. अवघ्या दीड वर्षापूर्वी, १९७१ च्या डिसेंबरातील युद्धाच्या वेळी, या दोन देशांची सरकारे एकमेकांवर विलक्षण रुष्ट झाली होती. तरी लेखावर चौघांची नावे एकाखाली एकच राहिली.

विवर कसे झाले ते कळले. केव्हा झाले, हा प्रश्न उरला. काचेच्या कणांवरून एका पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२,००० वर्षे निघाले. २०११ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ व ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील संशोधकांनी सहकाऱ्यांसह आर्गॉन वायूच्या मोजणीवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरवले. दगड लोणारचेच, उत्तरात मात्र दसपटीचा फरक! पुढे आणखी एका पद्धतीने ते ४०,००० वर्षांच्याही आत आले. याविषयी तज्ज्ञांचे अजून एकमत झालेले नाही.