उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

प्रश्न : कार दोन दिवस उभी राहिली की स्टार्ट होत नाही. बॅटरी नवी, अल्टरनेटरही ठीक. दोष कुठे शोधू?

उत्तर : पुन्हा बॅटरी बदलण्याच्या फंदात पडू नका. बंद गाडीत काहीतरी करंट खातंय. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडा, १० अँपिअरच्या सॉकेटवर. मीटर जोडलेला असताना सेल्फ मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. आतली इलेक्ट्रॉनिक्स लगेच झोपत नाहीत. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. त्याहून जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा एकदम खाली येईल, त्याच सर्किटमध्ये दोष. माझा पहिला संशय बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमवर, मग डिकीच्या दिव्यावर.