चाक खडीवरच ठेवावं

बेल्जियम हा युरोपातला लहानसा देश. त्याच्या पूर्वेला, जर्मनीच्या सीमेजवळ, ओत फान्य नावाचं दलदलीचं माळरान आहे. तिथे पाऊस फार. पाणी साचून राहतं. त्या पाण्यात शेवाळ वाढतं आणि मरतं. पण पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून ते पुरतं कुजत नाही. थरावर थर बसतो. त्या थराला पीट म्हणतात. पूर्वी लोक पीट कापून, वाळवून चुलीत जाळीत. १९५७ साली हा माळ राखीव झाला.

आता तिथे जाड टायरच्या सायकली घेऊन लोक हिंडायला येतात. सायकलीला धूर नाही, गोंगाट नाही. मग तिला ठरलेल्या वाटांवरच का जाऊ देतात बरं? आपण पाहू.

पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे शंभर वर्षांत अर्धी वीत! ओल्या पीटमध्ये चाक रुतलं, तर शेकडो वर्षांचं काम क्षणात उकरलं जातं. खडीच्या रुंद वाटेवर तसं होत नाही.

दुसरी भीती आगीची. वाळलेलं पीट म्हणजे सरपणच. २०११ च्या एप्रिलमध्ये तिथे मोठी आग लागली. शेकडो हेक्टर माळ जळाला. म्हणून आगीचा धोका असला, की तिथे लाल निशाण लावतात. मग पायी चालणाऱ्यालाही आत बंदी!

अशा जागी आपण पाहुणे. पाटी वाचावी, निशाण पाहावं, मगच पायडल मारावं.