गोठा, चूल आणि उकिरडा : शेणखत वाचविण्याच्या रोजच्या सवयी

जमिनीचा कस टिकविण्याची गोष्ट निघाली की आपले लक्ष प्रथम खताच्या दुकानाकडे जाते. वास्तविक हा प्रश्न बऱ्याच अंशी आपल्या गोठ्यात, चुलीपाशी व उकिरड्यावर रोजच्या रोज सुटत अथवा बिघडत असतो. गोठा कसा झाडावा, चुलीत काय घालावे, केर कोठे टाकावा, या बाबी दिसावयास क्षुल्लक आहेत. परंतु वर्षाअखेर त्यांची बेरीज मोठी होते.

तीन जनावरांचा हिशेब

एक बैलजोडी व एक गाय बाळगणारे कुटुंब घेऊ. प्रत्येक जनावर रोज सुमारे १० किलो शेण टाकते व ५ लिटर मूत्र देते असे धरल्यास वर्षाला जवळजवळ ११ टन ताजे शेण व साडेपाच हजार लिटर मूत्र होते. ताज्या शेणात शेकडा सुमारे ०.३ व मूत्रात शेकडा सुमारे १ भाग नत्र असते. म्हणजे शेणात सुमारे ३३ किलो, तर मूत्रात सुमारे ५५ किलो नत्र होय. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते, हे लक्षात घेता दोन्ही मिळून चार गोण्यांइतके नत्र गोठ्यातच निर्माण होते. ते सर्वच पिकाच्या हाती लागते असे नाही. काही भाग कुजताना उडतो, काही वाहून जातो. परंतु किती वाचवावयाचे हे आपल्या हाती आहे. शिवाय शेणखताने जमिनीत सेंद्रिय अंश वाढतो, ती भुसभुशीत राहते व ओल धरून ठेवते. हे काम युरिया करीत नाही.

गोठा

शेण आपण गोळा करतो, मूत्र मात्र जमिनीत मुरू देतो. मोठा वाटा तेथेच जातो. गोठ्यात शिरताच नाकाला झोंबणारा उग्र दर्प म्हणजे अमोनियाच्या रूपाने उडून जाणारे नत्रच होय. यावर उपाय सोपा आहे. सायंकाळी जनावरांखाली पालापाचोळा, उरलेली वैरण, भुसा किंवा कोरडी माती पसरावी व सकाळी भिजलेला थर खड्ड्यात टाकावा. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे विकसित करून १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या कंपोस्ट पद्धतीत गोठ्यातील अशा मूत्राने भिजलेल्या मातीला महत्त्वाचे स्थान होते.

चूल

गोवरी जळताना तिच्यातील नत्र व सेंद्रिय अंश नष्ट होतो. राखेत पालाश व स्फुरद तेवढे उरते. तथापि घरात सरपण नसता गृहिणीस गोवऱ्या थापू नका असे सांगणे व्यर्थ आहे. आधी जळणाची सोय व्हावी. पऱ्हाटी व तुराट्या शेतातच पेटवून न देता घरी आणाव्यात; बांधावर सुबाभूळ, बाभूळ लावावी. पुरेसे शेण असल्यास गोबरगॅस हा सर्वांत चांगला मार्ग होय. १ घनमीटर क्षमतेच्या संयंत्रास रोज सुमारे २५ किलो शेण लागते, म्हणजे वरील कुटुंबास ते परवडते. त्यात इंधनही मिळते व खतही वाचते, कारण बाहेर येणाऱ्या स्लरीत नत्र शिल्लक राहते.

खड्डा

उघड्या उकिरड्यातील खत उन्हाने सुकते व पावसाने धुपते. म्हणून पुढीलप्रमाणे खड्डा करावा.

१. जागा उंचवट्याची, सावलीची व विहिरीपासून दूर असावी.

२. रुंदी ६ फूट व खोली ३ फूट ठेवावी. लांबी जनावरांच्या संख्येप्रमाणे घ्यावी.

३. एका टोकापासून ३ फुटांचा एक भाग भरीत जावे. शेण, भिजलेला पाचोळा व घरातील केर थराथराने टाकावा. कोरडा वाटल्यास पाणी शिंपडावे.

४. भाग जमिनीच्या वर दीड ते दोन फूट आला की शेणमातीने लिंपून बंद करावा व पुढील भाग सुरू करावा.

५. चुलीची राख त्यात टाकू नये. तिच्या क्षारामुळे नत्र उडते. ती परसबागेत वापरावी.

सुमारे चार ते पाच महिन्यांत खत कुजून तयार होते. पौषात लिंपलेला भाग मृगापूर्वी उपसता येतो. शेतात नेलेले खत ढिगांच्या रूपाने उन्हात पडू न देता त्याच दिवशी पसरून मातीत मिसळावे.

प्लॅस्टिक

पूर्वीच्या उकिरड्यात न कुजणारे असे फारसे काही नसे. आज पिशव्या व वेष्टने असतात. ती मातीत वर्षानुवर्षे तशीच राहतात व जनावरांच्या पोटात गेल्यास जीवावर बेततात. चूल पेटविण्यासाठीही त्यांचा उपयोग करू नये; तो धूर विषारी असतो. दाराशी एक वेगळे पोते टांगून त्यात ती साठवावीत.

कार्यकर्त्यांस सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एकाच कुटुंबाच्या संमतीने खड्डा करवून घ्यावा व तो उपसण्याच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवावे. गोठा झाडणे व केर टाकणे ही कामे बहुधा स्त्रियाच करतात. म्हणून त्यांना या चर्चेत अवश्य सामील करून घ्यावे. काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत हाती घेऊन पाहिल्यावर फारसे समजावून सांगण्याची गरज उरत नाही.