एम. आर. आय. चा आवाज आणि बालकाचा मेंदू

विद्युत्प्रवाह वाहणारी तार चुंबकीय क्षेत्रात ठेवली असता तिच्यावर बल कार्य करते, हे आपण सर्वजण अकरावी-बारावीत शिकतो. सूत्रही सोपे आहे: बल म्हणजे चुंबकीय क्षेत्र, प्रवाह आणि तारेची लांबी यांचा गुणाकार. परीक्षेत त्यावर चार गुणांचे उदाहरण येते आणि पुढे बहुतेकजण ते विसरून जातात. एखाद्या लहान मुलाला तपासणीसाठी भूल द्यावी लागणार की नाही, हे काही प्रमाणात याच सूत्रावर अवलंबून असते, असे सांगितले तर विद्यार्थी मित्रांना नवल वाटेल. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

मी मूळचा सौंसर तालुक्यातला. सौंसर आणि पांढुर्णा हे मध्य प्रदेशातील मराठी बोलणारे तालुके. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली दोन्ही मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी नांदतात, तशी आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी नांदते. संत्री आणि कापूस पिकविणारा हा मुलूख मोठ्या दुखण्यासाठी मात्र नागपूरची वाट धरतो. सौंसरहून नागपूर सुमारे ६० ते ६५ किलोमीटर, पांढुर्ण्याहून त्याहून बरेच लांब. मी पदार्थविज्ञान शिकवतो हे ठाऊक असल्यामुळे सुट्टीत गावी गेलो की यंत्रांविषयीचे प्रश्न माझ्याकडे येतात. बागेत मजुरीला जाणाऱ्या एका बाईंनी मला विचारले होते, “सर, लेकरू चांगलं झोपलं होतं, पण मशीन सुरू झाली अन् दचकून उठलं. मग म्हणाले, भूल द्यावी लागते. पुढच्या तारखेला गेलो तर सर्दी होती, म्हणून भूल देता येत नाही म्हणाले. ते मशीन एवढं वाजते कायले?”

प्रश्न अगदी मुळाचा आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे यंत्र काय करते, ते थोडक्यात पाहू.

यंत्र काय पाहते?

एम. आर. आय. म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने घेतलेली शरीराच्या आतील भागाची प्रतिमा. यात क्ष-किरण मुळीच वापरले जात नाहीत. शरीरातील पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन विपुल आहे. त्याची अणुकेंद्रे प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवली असता ठराविक वारंवारतेच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६ साली ही घटना स्वतंत्रपणे दाखवून दिली. १.५ टेस्ला क्षेत्रात ही वारंवारता सेकंदाला सुमारे ६.४ कोटी आवर्तने इतकी असते. पण प्रतिसाद शरीराच्या कोणत्या बिंदूतून आला, हे कसे ओळखावे? त्यासाठी मुख्य क्षेत्रात जागोजागी किंचित फरक पाडावा, ही कल्पना लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये अतिशय जलद प्रतिमा घेण्याची रीत सुचविली. या दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बालकाच्या बाबतीत ही प्रतिमा फार बोलकी असते. जन्मतः मेंदूचे वजन साधारण ३५० ते ४०० ग्रॅम असते आणि दुसरे वर्ष संपेपर्यंत त्याचे आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. याच काळात मज्जातंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण चढत असते. तारेवर रोधक वेष्टन असावे तसे हे आवरण असून त्यामुळे संदेश कितीतरी वेगाने धावतो. ते सर्वत्र एकदम चढत नाही. सर्वसाधारणपणे मागून पुढे आणि मध्यातून कडेकडे असा त्याचा क्रम असतो. आवरण चढले की त्या भागातील पाण्याचे वर्तन बदलते आणि प्रतिमेतील काळे-पांढरे फिरते. म्हणून कोणत्या महिन्यात कोणता भाग पक्व झाला, हे जाणकार डॉक्टर चित्रावरून वाचू शकतात. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला असेल तर त्याच्या खुणाही दिसू शकतात.

आवाज कोठून येतो?

मुख्य चुंबक स्वतः वाजत नाही. जागोजागी फरक पाडण्यासाठी त्याच्या आत आणखी वेटोळी बसवलेली असतात. त्यांतून शेकडो अँपिअर प्रवाह सोडून सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद किंवा उलटसुलट करावा लागतो. आता आपले सूत्र वापरू. क्षेत्र १.५ टेस्ला, प्रवाह ३०० अँपिअर आणि तारेची लांबी १ मीटर धरली तर बल ४५० न्यूटन येते. म्हणजे सुमारे ४५ किलोग्रॅम वजनाएवढे. एका मीटर तारेवर एवढा दाब एकदा इकडून, एकदा तिकडून पडू लागला तर तिला धरून ठेवणारा सांगाडा थरथरणारच. लाउडस्पीकरचा पडदा ज्या तत्त्वावर हलतो, तेच तत्त्व येथेही आहे. फरक इतकाच की लाउडस्पीकर वाजावा म्हणून बनविलेला असतो, आणि येथे आवाज कोणालाच नको असतो.

आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबेल असते. या यंत्राचा आवाज बहुधा ८० ते ११० डेसिबेलच्या दरम्यान असतो. काही जलद पद्धतींत त्याहूनही अधिक. दर १० डेसिबेलला तीव्रता दसपट होते, हे लक्षात घेतले तर ११० डेसिबेलची तीव्रता बोलण्याच्या एक लाख पट ठरते. शिवाय तो जिनिंगच्या यंत्रासारखा एकसुरी नसतो. मध्येच थांबतो आणि वेगळ्या सुरात पुन्हा सुरू होतो. झोपलेल्या मुलाला जागे करण्यास याहून दुसरे काय हवे?

मूल हलले की चित्र फिसकटते. मोठ्या माणसाला ‘हलू नका’ असे सांगता येते. काही महिन्यांच्या तान्ह्याला पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपवता येते. खरी अडचण एक ते चार वर्षांच्या मुलांची. त्यांना समजावता येत नाही आणि त्यांची झोप सावध असते, म्हणून झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते. जाणकाराच्या देखरेखीखाली एकदा थोडा वेळ दिलेल्या भुलीची धास्ती घेण्याचे कारण नाही. तथापि तीन वर्षांखालील मुलांना वारंवार अथवा तीन तासांहून अधिक काळ भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली सावधगिरीचा इशारा दिला आहे. शिवाय भूल म्हटली की उपाशी ठेवणे आले, भूलतज्ज्ञ आले, सर्दी-खोकला असल्यास नवी तारीख आली. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला प्रत्येक तारीख म्हणजे दोन माणसांची मजुरी आणि गाडीभाडे. यंत्राचा गोंगाट शेवटी अशा रीतीने गरिबाच्या खिशातून वसूल होतो.

आवाज कमी कसा करतात?

जे सूत्र आवाजाचे कारण सांगते, तेच उपायही सुचविते. पहिला उपाय, प्रवाह एकदम न बदलता हळूहळू बदलणे. बसचा ब्रेक एकदम दाबला तर प्रवासी आदळतात, हलके दाबला तर कळतही नाही, तसेच हे. यात तपासणीला काही वेळ अधिक लागतो. दुसरा उपाय, क्षेत्रातील फरक चालू-बंद न करता त्याची दिशाच थोडी थोडी वळवीत नेणे. या पद्धतीत रेडिओ लहर सोडल्याबरोबर जवळजवळ त्याच क्षणी प्रतिसाद टिपला जातो आणि आवाज खोलीतील नेहमीच्या आवाजाच्या जवळपास येतो. मात्र सर्व प्रकारची चित्रे तिने घेता येत नाहीत. तिसरा उपाय वेटोळ्यांच्या रचनेचा. काही यंत्रांत ती निर्वात पोकळीत बसवतात, कारण निर्वातातून ध्वनी जात नाही. मॅन्सफील्ड यांनी स्वतःच पुढे १९९० नंतरच्या दशकात, वेटोळ्यांवरील बले एकमेकांना तोलून धरतील अशा रचनेवर काम केले.

चौथा उपाय मुख्य क्षेत्रच कमी करण्याचा. अमेरिकेत २०२० साली परवानगी मिळालेले ०.०६४ टेस्लाचे एक फिरते यंत्र आहे. त्याचे क्षेत्र १.५ टेस्लाच्या सुमारे तेविसाव्या हिश्शाएवढे आणि आवाजही पुष्कळ कमी. चित्र तेवढे बारकाईचे येत नाही. तरी आफ्रिका व दक्षिण आशियात बालकांच्या मेंदूच्या अभ्यासासाठी अशी यंत्रे वापरली गेली आहेत. यंत्र मुलाकडे नेता येते, हा त्याचा मोठा गुण होय.

या सर्वांबरोबर कानांचे रक्षण हवेच. आवाज कमी झाला तरी कानात बोळे व वरून कर्णरक्षक घालणे आवश्यक आहे.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हे चित्र मुलाची बुद्धी मोजत नाही. चित्र निर्दोष असूनही मूल उशिरा बोलू शकते, आणि चित्रात दोष असूनही योग्य शिकवणुकीने ते पुष्कळ प्रगती करू शकते. पहिली तपासणी आईच्या आणि अंगणवाडीताईच्या डोळ्यांनीच होते. मूल दीड वर्षाचे होऊनही आधाराशिवाय चालत नसेल किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी समाविष्ट आहे आणि त्याची पथके अंगणवाडीत येतात. त्यांना मूल दाखवावे. डॉक्टरांनी एम. आर. आय. सांगितल्यास दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत: कमी आवाजाची पद्धत येथे उपलब्ध आहे काय, आणि मुलाच्या नेहमीच्या झोपेची वेळ मिळेल काय?

त्या बाईंना मी वहीत वेटोळे काढून हे समजावले. त्यांनी विचारलेला दुसरा प्रश्न आपल्यातील अभियांत्रिकीकडे आणि वैद्यकाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, कारण त्याचे उत्तर देणे त्यांच्याच हाती आहे: “न वाजणारी मशीन करता येते, तर आमच्याकडे कधी येईल?”