‘प्रोटेक्शन’ म्हणजे कोणते संरक्षण?

इंग्रजी कायद्यांतील ‘प्रोटेक्शन’ या शब्दास शासनव्यवहारात ‘संरक्षण’ हा पर्याय रूढ झाला आहे. परंतु ‘डिफेन्स’ यासही मराठीत संरक्षणच म्हणतात. हिंदीने तेथे ‘रक्षा’ हा शब्द योजिला आहे. परिणामी वर्धा जिल्ह्यात पुलगावचे दारूगोळा भांडार ‘संरक्षण’ खात्याचे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक अधिनियमान्वये नेमलेला अधिकारीही ‘संरक्षण अधिकारी’च. पहिल्याचा संबंध सैन्याशी, तर दुसऱ्याचा पीडित स्त्रीच्या साहाय्याशी आहे. पदनामासोबत काम सांगितले नाही, तर जिला गरज आहे तिलाच हे दार ठाऊक होत नाही.

‘कॉन्झर्व्हेशन’ म्हणजे झीज थांबवून टिकविणे. म्हणून आपण मृदसंधारण, जलसंधारण म्हणतो. ‘प्रिझर्व्हेशन’ म्हणजे आहे तसे जतन करणे. ‘प्रोटेक्शन’मध्ये मात्र समोर एखादा धोका गृहीत असतो.

वनांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये ‘राखीव’ व ‘संरक्षित’ असे दोन वर्ग आहेत. ढोबळमानाने सांगायचे तर, राखीव वनात जे अनुज्ञात नाही ते निषिद्ध. संरक्षित वनात जे निषिद्ध नाही ते अनुज्ञात. गुरे चारणाऱ्यास व सरपण आणणाऱ्यास या एका शब्दाने मोठा फरक पडतो.

आर्वी तालुक्यातील रोहणा यासारख्या गावी रानडुक्कर व रोही यांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी जागलीला जातो. त्याच्या दृष्टीने संरक्षण पिकाचे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या दृष्टीने ते त्या प्राण्यांचेही आहे. उभ्या पिकास धोकादायक ठरलेल्या अशा प्राण्याच्या शिकारीस कलम ११ अन्वये प्राधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. परंतु परवानगीवाचून केलेली शिकार हा गुन्हा होय. ‘संरक्षण’ हा शब्द ऐकून आपल्याला मोकळीक मिळाली असे कोणी समजल्यास त्याच्यावर खटला ओढवतो.

म्हणून ग्रामसभेत परिपत्रक वाचताना अथवा वर्गात हा शब्द शिकविताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : संरक्षण कोणाचे, कशापासून आणि ते करावयाचे कोणी? या तिन्हींची उत्तरे साध्या मराठीत देता आली, तरच कायदा गावापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.