ट्रॉलीच्या चाकाचा कानमंत्र

बाळा, कोजागिरी झाली की कारखान्यांचे बॉयलर पेटतील आणि यंदा पहिल्यांदाच तू उसाची ट्रॉली घेऊन रस्त्याला लागशील. ट्रॅक्टर तुला चालवता येतो, लोड ट्रॉली रिव्हर्सला लावताना तुझा हात हलत नाही, हे मी पाहिलंय. म्हणून ट्रॅक्टरचं काही सांगत नाही. मागच्या चाकांचं सांगतो.

ट्रॅक्टरचं पुढचं चाक सैल झालं तर स्टिअरिंग थरथरतं. मागचं झालं तर सीटखाली कळतं. ट्रॉलीच्या चाकाचं तसं नाही. ते तुझ्या पाठीमागे असतं, मध्ये हूक असतो, वर इंजिनचा आवाज असतो, आणि दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर शेवटचं चाक आरशातही नीट दिसत नाही. नट गळून पडेपर्यंत ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. म्हणून ध्यानात ठेव, ट्रॉलीच्या चाकाची खबर आपल्याकडे येत नाही, आपणच उतरून तिच्याकडे जायचं असतं. आपल्या घरातली जुनी माणसं बैलगाडी जुंपण्याआधी आसाच्या टोकाची खीळ हातानं हलवून बघायची, वंगण आहे का ते बघायची आणि मगच बैलांच्या मानेवर जू ठेवायची. गाडी बदलली, रीत तीच ठेवायची.

आपल्या गावात तर ही रीत जास्तच पाळायला हवी. सोलापूर-हैदराबाद महामार्ग आपल्या दारातून जातो. आपला खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात असतो. पौषी पौर्णिमेला नळदुर्गची यात्रा भरते, तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात असतो. त्याआधी आश्विनात कर्नाटकातून तुळजापूरला निघालेली माणसं रस्त्याच्या कडेकडेनं अनवाणी चालत असतात. ट्रॉलीचं चाक निसटलं तर ते जागेवर पडत नाही. उताराला लागलं तर वेग घेतं आणि कडेनं चालणाऱ्या माणसांतच जातं. तू ट्रॅक्टरवर उंच बसलेला असशील, तुला खरचटणारही नाही. ज्याला लागेल त्याचा काही दोष नसेल.

चाक कशानं धरलेलं असतं ते आधी समजून घे

पुष्कळांना वाटतं, चाकाचं ओझं स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर, लटकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो. तो ताण डिस्कला, म्हणजे चाकाच्या मधल्या पत्र्याला, हबवर दाबून धरतो, आणि त्या दाबामुळं दोघांत जे घर्षण होतं त्यानं चाक जागेवर राहतं. दाब कमी झाला की डिस्क हबवर बारीक सरकायला लागते. प्रत्येक फेऱ्याला स्टड थोडा वाकतो, सरळ होतो, परत वाकतो. अशानं लोखंड थकतं आणि एक स्टड तुटतो. त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो, मग तेही जातात. पहिला स्टड जायला वेळ लागतो, पुढचे पटापट जातात.

बसवण्याआधी पुसून घे

उसाच्या फडात चाक बदललंस तर हबवर काळी माती चिकटलेली असणार. डिस्कच्या आतल्या बाजूला गंज, नाही तर हंगामाआधी मारलेला रंग असणार. या थरावर नट कितीही आवळला तरी तो थर भाराखाली दबतो, झिजतो, आणि तेवढा नट सैल होतो. स्टड केसाच्या जाडीइतकाही ताणलेला नसतो, त्यामुळं रंगाचा पातळ थर गेला तरी अर्धा दाब जाऊ शकतो. म्हणून तारेचा ब्रश ट्रॉलीच्या पेटीत कायम ठेव. डिस्क आणि हब जिथं एकमेकाला टेकतात ती जागा लोखंड दिसेपर्यंत घास. नव्यानं रंगवलेल्या ट्रॉलीवर तर दुप्पट लक्ष ठेव.

स्टडला ऑइल किंवा ग्रीस लावू नकोस. आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. ऑइल लागलं की त्याच जोरात नट जास्त फिरतो आणि स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. नटाची निमुळती बाजू आत, डिस्कच्या भोकाकडे. ती उलटी बसवली तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण चाक मध्यावर बसत नाही. एकाच चाकाला वेगवेगळ्या जातीचे नट लावायचे नाहीत.

हातानं सुरू कर, समोरासमोर आवळ

चाक जॅकवर असताना सगळे नट आधी हातानं फिरव. हातानं तीन-चार आटे गेले नाहीत तर पाना लावून जबरदस्ती करू नकोस. आटा वाकडा गेलाय असं समज आणि नट काढून बघ. मग एक नट, त्याच्या समोरचा दुसरा, असं करत सगळे बेताचे आवळ. ओळीनं गोल गोल आवळलं तर डिस्क एका बाजूला आधी बसते आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. नंतर जॅक उतरव, चाक जमिनीवर टेकव आणि त्याच समोरासमोरच्या क्रमानं शेवटचा जोर दे.

जोर किती द्यायचा, हे ट्रॉली बनवणाऱ्याला विचारून पेटीच्या झाकणावर लिहून ठेव. स्टडच्या जाडीप्रमाणं तो बदलतो. कारच्या चाकाला साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतो, तर मोठ्या ट्रकच्या २२ मिलिमीटरच्या स्टडला ६०० च्या आसपास. आता हिशोब बघ. पान्याला एक मीटरचा पाइप घालून साठ किलोचा माणूस टोकावर उभा राहिला की ५९० होतात. तो वर उड्या मारायला लागला की त्याच्याही पुढं. पाइपावर उड्या मारून आवळलेल्या नटाला पोरं पक्का म्हणतात. तुझ्या ट्रॉलीचा स्टड बारीक असेल तर तो तेवढ्यानं ताणून लांबतो आणि परत मूळ मापाला येत नाही. असा स्टड आतून गेलेला असतो. पंक्चरच्या दुकानातली हवेची गनही कधी कमी लावते, कधी जास्त. गनवर आवळलेलं चाक आपल्या पान्यानं परत बघायचंच. गावात चार-पाच ट्रॉलीवाल्यांनी मिळून एक टॉर्क पाना घेतला तर सगळ्यांचं भागेल.

एकदा आवळून काम संपत नाही

चाक काढून बसवलं की पहिल्या ५० किलोमीटरच्या आत परत पाना लाव. उसाच्या वाहतुकीत सोपा हिशोब असा, की पहिली भरलेली खेप कारखान्यावर पोचली की नंबर लागेपर्यंत वेळ असतो, तेव्हा चाक गार झालं की नट तपास. लोड पडल्यावर, खड्डे खाल्ल्यावर डिस्क हबवर नीट बसते आणि त्यात नट थोडे सैल होतात. हा दोष बसवणाऱ्याचा नाही, लोखंडाचा स्वभाव आहे. परत आवळलं नाही तर मात्र दोष आपला.

पुढं रोज सकाळी ट्रॉलीला फेरी मार. नटावरून डिस्कवर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेव. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पण रेघ जुळलेली असली तरी आठवड्याला पाना लावायचाच, कारण नट न फिरताही दाब कमी होऊ शकतो. नटाखालून तांबूस गंजाचे ओघळ आले असतील, भोकाभोवती लोखंड नव्यानं चकाकत असेल, तर डिस्क हलतेय. अशा वेळी नुसता नट आवळून निघायचं नाही. चाक काढायचं. भोक लांबट झालं असेल तर ती डिस्क भंगारात. एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूचे स्टडही बदल, कारण तुटलेल्याचा भार त्यांनी सोसलेला असतो.

डाव्या चाकापासून सुरुवात कर. रस्ता कडेकडे उतरता असतो, त्यामुळं डावीकडं भार थोडा जास्त पडतो. समोरून बस आली की डांबराची कड सोडून खाली उतरतं तेही डावंच चाक. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून चालते, आणि कारमागं चाकांवरचं घर, म्हणजे कॅराव्हॅन, ओढणाऱ्या तिथल्या लोकांचीही डाव्या चाकाबद्दलचीच तक्रार जुनी आहे. आपल्या राज्यानंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. उद्या तुझ्या हुकाला उसाऐवजी असं घर लागलं तरी नटाचे नियम हेच राहतील.

हबची पाठ धर

नट घट्ट आहेत आणि बेरिंग गेलंय, तर चाक हबसकट निघतं. अमेरिकेत १९९२ साली वाहतूक सुरक्षा मंडळानं ट्रकची चाकं का निसटतात याचा शोध घेतला. दोनच मोठी कारणं निघाली, नट नीट न आवळणं आणि बेरिंग जाणं. दोन्ही देखभालीत येतात.

खेप करून थांबलास की हबजवळ हाताची मागची बाजू ने. डावा-उजवा ताडून बघ. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला असेल तर बेरिंग बोलतंय. पंधरवड्यानं रिकाम्या ट्रॉलीला जॅक लाव, दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लाव, आणि चाक वरून-खालून धरून हलव. खडखड वाटली, किंवा फिरवताना कचकच आली, तर हब खोल. जुनं ग्रीस डिझेलनं धुऊन, बेरिंग कोरडं करून, नवीन ग्रीस हातानं दाबून भर. ग्रीस दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलंय. ओढ्याच्या पाण्यातून ट्रॉली काढलीस तर हे हमखास बघ. चाक फिरवत फिरवत मधला नट आवळ, मग पिनेचं भोक जुळेपर्यंत किंचित मागं घे. स्प्लिट पिन दर वेळी नवीन. जुनी सरळ करून परत घालायची नाही, आणि पिनेच्या जागी तार तर कधीच नाही.

लिहून ठेव

खंडोबाची मूर्ती अणदूरहून नळदुर्गला न्यायची तर दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. देव एका गावातून दुसऱ्या गावात जाताना जर लिखापढी होते, तर ट्रॉली एका ड्रायव्हरच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाताना का होऊ नये? पेटीत एक वही ठेव. चाक कधी काढलं, कुणी बसवलं, परत कधी आवळलं, एवढंच लिही. ‘त्यानं आवळलं असेल’ या भरवशावर कितीतरी चाकं गेली आहेत. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात १९९७ साली कायदा झाला, की ट्रकचं चाक निसटलं तर मी काळजी घेतली होती ही सबब मालकाला सांगताच येणार नाही. दंड ५० हजार डॉलरपर्यंत. आपल्याकडं तसा कायदा नसला, तरी तू स्वतःला तोच लावून घे.

आणि शेवटचं

चालत्या ट्रॉलीत कटकट ऐकू आली, मागून कुणी हात दाखवला, आरशात चाक डुलताना दिसलं, तर ब्रेक दाबून जागेवर थांबवू नकोस. एक्सलेटर सोड, सावकाश डावीकडं घे, चाकांना दगड लाव, मागं झाडाची फांदी आणि रिफ्लेक्टर ठेव. मग बघ. तेव्हा मुकादमाचा फोन येईल, टोळी फडात बसून आहे म्हणेल. मालक खेपेचं भाडं बुडालं म्हणेल. त्यांचं ऐकून घे, पण ट्रॉली हलवू नकोस. सैल चाकाची खेप थांबवायचा अधिकार ड्रायव्हरचा असतो, आणि तो त्यानं कुणाला विचारून वापरायचा नसतो. कुणी बोललंच तर त्याला माझ्याकडं पाठव.