आधी ज्येष्ठता यादी बघा

शालेय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका मी प्रथम श्रेणीत पूर्ण केली. मुख्याध्यापिका मात्र झाले नाही आणि आता होणारही नाही. ‘बाईंना खुर्चीची घाई नडली’ असं स्टाफरूममध्ये बोललं जातं, म्हणून हे लिहायला बसले.

घाई माझी नव्हती. आमच्या संस्थेच्या महाविद्यालयाला या पदविकेचं अभ्यासकेंद्र मिळालं, तुकडी भरेना, तेव्हा सचिव स्वतः शाळेत आले. “मुख्याध्यापक सर आता निवृत्त होतील. तुमच्या वरच्या बाई पद घेणार नाहीत, त्यांच्याशी बोलणं झालंय. तुम्ही पदविका करून टाका, म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव भक्कम जाईल.” हे चारचौघांदेखत सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी आज एकालाही ते आठवत नाही.

फी भरली. रविवारची संपर्कसत्रं, स्वाध्याय, प्रकल्प, सगळं रीतसर केलं. त्याच काळात यू-डायसची माहिती, संचमान्यतेचे तक्ते, शालार्थची बिलं हळूहळू माझ्या टेबलावर यायला लागली. “होणाऱ्या एचएमना सवय हवी,” असं सचिव हसत म्हणायचे. क्लार्कही खूश!

सर निवृत्त व्हायच्या सुमारास मधल्या सुट्टीत मी त्या बाईंना सहज विचारलं, “तुमचं नकारपत्र दिलंत का?” त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला. “कसलं नकारपत्र? मला तर कोणी काही विचारलंच नाही.” त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. म्हणजे ‘बोलणं झालंय’ हे सचिवांनी माझ्या तोंडावर बेधडक ठोकून दिलं होतं. माझे कान तापले. त्यानंतरच्या तासाला मी वर्गात काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयात गेले. सचिवांनी चहा मागवला, मग कपाटातून 1981 ची सेवाशर्ती नियमावली काढली. नियम 3 च्या पानात खुणेची चिठ्ठी आधीपासूनच होती. पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्यांत जो सर्वांत ज्येष्ठ, त्यालाच मुख्याध्यापक नेमायचं, हे त्यांनी मला वाचून दाखवलं. वर म्हणाले, “आम्ही तरी नियमापुढे काय करणार?” तुकडी भरताना ही नियमावली कपाटातून बाहेर आली नव्हती.

बाईंबद्दल माझी तक्रार नाही, हक्क त्यांचाच. पदविका त्यांच्याकडे नाही आणि लागतही नाही. खासगी अनुदानित माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव, त्यातला किमान दोन वर्षांचा बी.एड.नंतरचा, एवढं पुरतं. शालार्थची बिलं अजून माझ्याकडेच पाठवतात. मी ती नमस्कार करून परत पाठवते.

आता तुमच्यासाठी. अशा पदविकेचा प्रवेश अर्ज भरण्याआधी शाळेची सेवाज्येष्ठता यादी मागा. ती दर वर्षी फिरवली जाते आणि आपण सगळे न वाचता सही ठोकतो. आपला क्रमांक तर बघाच, पण वरच्यांच्या जन्मतारखेचा रकानाही बघा. निवृत्ती 58 व्या वर्षी. वरची व्यक्ती वयाने तुमच्यापेक्षा लहान असेल, माझ्याबाबतीत आहे, तर तुम्ही तिच्या आधी घरी जाणार. यादीवर हरकत असेल तर लेखी द्या, पोच घ्या. ज्येष्ठतेचा वाद शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. ‘अमुक पद घेणार नाही’ हे तोंडी कधीच मानू नका. हक्क सोडल्याचं लेखी लागतं, आणि त्याआधी त्या माणसाला स्वतः जाऊन विचारा.

अभ्यासक्रम वाईट नव्हता. अंदाजपत्रक आणि सेवापुस्तकाचे पाठ कामाचे होते. ‘मानवी संबंध’ हा पाठ मात्र आमच्या सचिवांनी घ्यायला हवा होता. विनाअनुदानित इंग्रजी शाळांत जायची तयारी असेल तर मुलाखतीत अशा पदविकेचा उपयोग होऊ शकतो. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक असते, तिथलं गणित वेगळं. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता तपासा, पावत्या जपा, वगैरे. हे सगळेच सांगतात.

आणि तुम्ही खरोखर ज्येष्ठ असताना डावलून दुसऱ्याला पद दिलं, तर संस्थाचालकांच्या पायऱ्या झिजवू नका. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या 1977 च्या कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. मुदत 30 दिवसांची आहे. सचिव “बघू, बसून बोलू” म्हणाले, की त्याच दिवशी वकील गाठा.